गंगापूर धरणावरची दुहेरी धनक

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही भावंडं अम्मी-अब्बांबरोबर दादीला घेऊन गंगापूर धरणाकडे निघालो. जुन्या नाशकातल्या घरातून दादी महिनाभर बाहेर पडली नव्हती. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं करायला ती तयार नव्हती. "एका डोळ्यानं भागतंय," एवढंच म्हणायची.

धरणाजवळ पोचलो तोच सर आली. गाडीतच बसून डब्यातले कबाब संपवले. मग पाऊस शहराकडे सरकला, मागे त्र्यंबकच्या बाजूला ऊन पडलं आणि समोर नाशिकवर धनक उभी राहिली. शाळेत आम्ही इंद्रधनुष्य म्हणतो, दादीच्या तोंडी मात्र धनकच.

"दोन आहेत," दादी म्हणाली. "आणि वरचीचा लाल रंग खाली आहे."

आम्ही हसलो. लाल वर, जांभळा खाली, हे चौथीतलं पोरही सांगेल. अब्बा हसले नाहीत. ऑपरेशनच्या डोळ्याला रंग उलटे दिसतात की काय, म्हणून त्यांचा चेहरा उतरला. मग आम्ही नीट पाहिलं. वरची कमान फिकी होती, पण लाल खरोखर आतल्या बाजूला होता. दोन्ही कमानींमधलं आभाळ बाकीच्या आभाळापेक्षा काळपट. दादीने उजव्या डोळ्यावर तळहात धरला, काढला, पुन्हा धरला. डाव्या डोळ्याला नुसता पांढरा धूर.

रंग उलटे का, ते घरी येऊन वाचलं. उन्हाचा किरण थेंबात शिरताना वळतो, त्यातले रंग सुटे होतात, थेंबाच्या मागच्या बाजूवर आपटून ते परत फिरतात आणि बाहेर पडताना पुन्हा वळतात. ही खालची कमान, सुमारे 42 अंशांवर. काही किरण आत दोनदा आपटतात. म्हणून रंगांचा क्रम उलटतो, आणि प्रत्येक वेळी थोडा उजेड निसटल्याने कमान फिकी पडते. ती सुमारे 51 अंशांवर.

हे उलगडणाऱ्यांपैकी एक इराणचे कमालुद्दीन फारिसी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी अंधाऱ्या खोलीत पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवला, त्यालाच पावसाचा थेंब मानलं आणि किरण आत एकदा आपटतो की दोनदा, ते तपासलं. इब्न अल-हैसम यांच्या प्रकाशावरच्या ग्रंथावर ते काम करत होते. त्याच सुमारास जर्मनीत थिओडोरिक यांनीही, फारिसींशी काही संबंध नसताना, तेच शोधलं.

धनक पाहायची तर सूर्य पाठीशी, पाऊस समोर आणि सूर्य 42 अंशांच्या खाली हवा. असरचा वक्त ओळखायला पूर्वी सावली मोजत, तीच सावली इथे कामी येते: सपाट जमिनीवर ती आपल्या उंचीपेक्षा थोडी लांब झाली, की आभाळाकडे बघायला लागावं. नाशकात संध्याकाळी पूर्वेला, सकाळी पश्चिमेला.

त्या दिवशी परतताना सोमेश्वर यायच्या आतच दादीने अब्बांना विचारलं, "डॉक्टर मंगळवारी असतात ना?"