हिवाळ्याचं पाणी, पेरणीला

लडाखहून आलेल्या प्रत्येकाकडे पँगाँगचे फोटो असतात. मीही आईला घेऊन जाऊन आलो, फोटो आहेतच. पण इंदूरला परतल्यावर ऑफिसात मी सांगत बसलो ते बर्फाच्या स्तूपांबद्दल.

लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस. शेती हिमनद्यांच्या पाण्यावर. जवाची पेरणी एप्रिल-मेमध्ये, आणि हिमनदीचं पाणी नीट येतं जूनमध्ये. हिवाळ्यात मात्र ओढ्याचं पाणी तसंच वाहून जातं. ते गोठवून साठवण्याचं काम आधी चेवांग नोरफेल या स्थापत्य अभियंत्यांनी केलं. त्यांना 2015 साली पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक यांनी 2013 च्या सुमारास त्या बर्फाला शंकूचा आकार दिला. वरून पाइपने आणलेलं पाणी पंपाशिवाय, निव्वळ उंचीच्या फरकामुळे कारंज्यासारखं उडतं आणि पडता पडता गोठतं. शंकूच्या बर्फाला त्या मानाने ऊन कमी लागतं, म्हणून तो पेरणीपर्यंत टिकतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, चक्क कॅशिंग!

पण यात नवं पाणी तयार होत नाही, आणि वरच्या हिमनद्या तर आटतच आहेत. त्यात आपण पाहुणे. लडाखी घरात परंपरेने कोरडा संडास, त्याचं खत शेताला. आपल्यासाठी मात्र हॉटेलात फ्लश आणि शॉवर, आणि त्यासाठी बोअरवेल. मला विचाराल तर, जाल तेव्हा कोरडा संडास असलेलं घरच मुक्कामाला शोधा. आईने पहिल्या दिवशी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी माती टाकायचं फावडं कुठे ठेवलंय, ते तीच मला सांगत होती.