उचकी, कांदा आणि जट

आपल्या वसतिगृहात वार्षिक परीक्षा जवळ आली की दोन गोष्टी हमखास घडत. स्वयंपाकघरातील कांदे कमी होत आणि ताप आल्याची तक्रार घेऊन येणारी मुले वाढत. काखेत कांदा धरून ठेवला की ताप चढतो, हे ज्ञान मुलांच्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कोणत्याही पाठ्यपुस्तकाविना पोहोचत आले आहे. तापमापकातील पारा जागचा हलत नसे. सदऱ्याचा वास मात्र सारी हकिगत सांगून टाकी. ही स्मरणिका वाचणाऱ्या काही माजी विद्यार्थ्यांना येथे हसू आवरणार नाही, हे मी जाणून आहे.

शरीराच्या अशा गमतींना निवासी शाळेत तोटा नसतो. उचकी लागली की मुले म्हणत, घरी आठवण काढली. वास्तविक छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा अचानक आकुंचन पावतो, पाठोपाठ स्वरयंत्राचे दार मिटते आणि तो आवाज होतो. अमेरिकेतील चार्ल्स ऑसबर्न या गृहस्थांना १९२२ साली लागलेली उचकी १९९० साली थांबली. अडुसष्ट वर्षे त्यांची अखंड आठवण काढणारे कोण असावे, असा प्रश्न मी वर्गात विचारी, तेव्हा आठवणीचा सिद्धांत मुलेच मागे घेत. डोळा लवण्याचेही तसेच. जागरणाने साऱ्या वर्गाचे डोळे लवत आणि डावा की उजवा यावर निकालाचे भाकीत होई. अशा समजुतींवर मी कधी फार तुटून पडले नाही. घोटभर पाण्याने उचकी थांबते, समजूतही तेथेच थांबते.

जटेचे तसे नाही. केसांचा गुंता झाला, तो सुटेना, की आपल्या सीमाभागात अजूनही काही घरांत म्हटले जाते, ‘यल्लम्मा आली.’ मग कंगवा बंद. गुंत्याला हळद-कुंकू लागते, भंडारा लागतो. न विंचरल्यामुळे गुंता वाढतो आणि वाढला म्हणून तो देवीचाच, हे सिद्ध होते! पुरावा स्वतःच स्वतःला जन्म देतो, असे इतिहासाच्या अभ्यासात मी क्वचितच पाहिले. मुलाच्या डोक्यात गुंता झाला तर न्हाव्याकडे नेतात. मुलीच्या डोक्यात झाला तर सौंदत्तीकडे. कित्येक मुलींचे आयुष्य या एका गुंत्याने देवीला वाहिले गेले.

माझी थोरली आत्या त्यांपैकी एक. तिला नवव्या वर्षी जट आली, दहाव्या वर्षी तिला सोडले. पुढे १९५६ नंतर आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि देव्हारा नदीत विसर्जित केला. घरातले देव गेले, आत्याच्या डोक्यावरचा मात्र राहिला. तिला हात लावण्याचे धैर्य दीक्षा घेतलेल्या आजोबांनाही झाले नाही. लहानपणी मी तिच्या शेजारी झोपत असे. जट उशाशी वेगळी ठेवून ती एका कुशीवर निजे, कारण दुसऱ्या कुशीवर वळताच मान ओढली जाई.

केस दिसतो गुळगुळीत, परंतु त्यावर कौलांसारखे एकावर एक सूक्ष्म खवले असतात. घाम, तेल, धूळ, दाहक साबण आणि चोळून केलेली न्हाणी यांमुळे हे खवले उचलले जाऊन एकमेकांत अडकतात. मेंढीची लोकर न विणता, भिजवून आणि दाबून आपल्याकडे जेन करतात, तोच हा प्रकार. कधी हे एकाच न्हाणीत घडते, म्हणून त्याचा चमत्कार वाटतो. उवा, खवडे असतील तर आणखी लवकर.

ही देणगी आपल्याच देवीची आहे, असेही नाही. पोलंडमध्ये ही जट इतकी बोकाळली होती की युरोपातील वैद्यकाने तिला त्या देशाचेच नाव दिले. ती कापल्यास माणूस आंधळा होतो, वेडा होतो, ही भीती तेथेही होती. क्राको येथील डॉक्टर योझेफ डीट्ल यांनी एकोणिसाव्या शतकात त्या समजुतीविरुद्ध झुंज दिली. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन हाही आपली जट मिरवीत असे. त्याला कोणी देवीला सोडले नाही, हे वेगळे सांगायला नको.

हे जयसिंगपूर ज्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवले, त्या शाहू महाराजांनी १९२० सालीच जोगतिणींसंबंधी कायदा केला. बाबासाहेबांनी १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळी, जोगतिणींची सभा घेऊन तो जीवनमार्ग सोडण्यास त्यांना बजावले. महाराष्ट्रात २००५ साली पुन्हा कायदा झाला. इतके कायदे झाले, तरी २०१८ च्या जूनमध्ये पाचवीला आलेली एक मुलगी डोक्यावर जट घेऊनच वसतिगृहात आली. तिची मान डावीकडे कललेली होती. जटेला धक्का लागेल म्हणून तिला खेळात कोणी घेत नसे.

आईचे म्हणणे एकच होते. कापली तर घरातले कोणीतरी जाईल. कौले, खवले, पोलंड, सर्व सांगून झाले. ती मान डोलावी आणि नकार देई. जुलैमध्ये वर्तमानपत्रात पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांचे छायाचित्र आले. शाळकरी वयात शिक्षकांचे वाढवलेले नख त्यांच्या हातून मोडले, आणि त्यांच्या बोलण्याने ईर्षेस पेटून १९५२ पासून त्यांनी डाव्या हाताची नखे कापलीच नाहीत. पाच नखांची मिळून लांबी नऊ मीटरांवर गेली होती. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी न्यूयॉर्कला त्यांनी ती कापून घेतली. मी ते चित्र आईपुढे ठेवले. तिने बराच वेळ पाहिले व विचारले,

“बाई, परत चालतोय का त्यांचा हात?”

“नाही. ओझ्याने कायमचा अधू झाला.”

ती मुलीच्या मानेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “कापा. पण माझ्या हातानं नको.”

माझ्या हाताने कापली. खाली जखमा होत्या, उवा होत्या. आईने जट फडक्यात बांधून नेली. तिचे काय केले ते मी विचारले नाही. पुढे चार महिने ती दर रविवारी दूरध्वनी करी आणि घरात सर्व जण सुखरूप असल्याचे मला कळवी, जणू हमी मी घेतली होती. एका रविवारी आवाज पडला होता. म्हैस दूध देईना. “जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं का?” एवढेच मी विचारले. पुढच्या रविवारी म्हैस दूध देऊ लागली होती, आणि त्या दिवशी आईने प्रथमच मुलीच्या गणिताच्या गुणांची चौकशी केली.