बिनसहीचं मडकं

माठ वाजवून घ्यायचा असतो, हे आमच्या पिढीला कुणी शिकवलं नाही. ते बघून आलं. होळी झाली की नगरच्या बाजारात मडक्यांच्या उतरंडी लागायच्या. आजी उकिडवी बसायची, माठाच्या गळ्यात हात घालून तो उचलायची आणि बोटाची गाठ त्याच्या पोटावर मारायची. खणकन वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला ठेवायचा. मग माठ उन्हाकडे धरून आत डोकं घालायचं आणि कुठून उजेड दिसतो का ते बघायचं. घरी आणला की दोन दिवस नुसतं पाणी भरायचं, तुळशीला ओतायचं, पुन्हा भरायचं. मातीचा वास पाण्यातून अगदी जाऊ नये, पण फार राहूही नये, याचा अंदाज घरातल्या बाईला असायचा. त्या अंदाजाला आम्ही कधी कौशल्य म्हटलं नाही.

आता सावेडीतल्या फ्लॅटच्या दारात पार्सल येतं. खोक्यात खोकं, त्यात फुगेवाला प्लास्टिकचा कागद आणि त्याच्या पोटात एक मग. तळाला सही असते आणि सोबत चिठ्ठी: ही वस्तू हातानं घडवलेली आहे, आकारातला किंचित फरक हा दोष समजू नये. कुंभाराच्या माठाला एका अंगानं पोक असायचा, तेव्हा त्या पोकापायी आम्ही चार आणे कमी करून घेत होतो. आता तसल्याच पोकासाठी आम्ही चारशे रुपये जास्त मोजतो.

कुंभाराच्या अंगणात दुपारी एक ठरावीक आवाज असायचा. चाकावरून उतरलेलं मडकं पुरतं झालेलं नसायचं. गळा आणि काठ तयार, पण बूड जाड आणि बेडौल. ते थोडं सुकलं की आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकत ठोकत पोट वाढवत न्यायचं. माती पातळ होत जायची, मडकं फुगत जायचं आणि थापीचा ठप् ठप् आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू यायचा. माती तळ्यातल्या गाळाची. त्यात गाढवाची लीद आणि राख मिसळून ती पायानं तुडवायची. मग आवा रचायचा. मडकी, गोवऱ्या, उसाचं पाचट आणि वरून राखेचा थर. किती भाजली आणि किती फुटली, हे आवा उघडल्यावरच कळायचं. पावसाळ्यात सगळंच बंद.

आताच्या स्टुडिओत चाक विजेवर फिरतं आणि पायाखालच्या पेडलनं त्याचा वेग कमी-जास्त होतो. माती चाळून, मळून, पिशवीत बंद होऊन येते. भट्टी विजेची किंवा गॅसची, आणि आतलं तापमान आकड्यांत दिसतं. आव्याची आच सातशे-आठशे अंशांच्या आसपास, तर स्टोनवेअरला बाराशेच्या वर जावं लागतं. तिथे माती घट्ट होते आणि वर काचेसारखी झिलई चढते. नवं भांडं त्यामुळे पाझरत नाही. जुनं पाझरायचं आणि म्हणूनच पाणी गार करायचं. छिद्रांतून बाहेर आलेलं पाणी सुकताना आतली उष्णता घेऊन जायचं. नवं भांडं सगळ्या बाबतींत सरस, फक्त पाणी गार करत नाही. त्यासाठी फ्रिज आहे.

मडकं टिकावं अशी आमची अपेक्षाच नव्हती. आपल्या नगर जिल्ह्यातलं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण शिर्डीचं. 1930 साली प्रसिद्ध झालेल्या श्रीसाईसच्चरितात वामन तात्यांची हकिगत आहे. ते साईबाबांना रोज दोन कच्चे, न भाजलेले घडे द्यायचे. बाबा विहिरीचं पाणी काढून त्या घड्यांनी फुलझाडांना घालायचे आणि संध्याकाळी घडे निंबाच्या बुडाशी ठेवायचे. कच्चेच ते, ठेवताक्षणी फुटायचे. दुसऱ्या दिवशी तात्या नवे घेऊन हजर! आज असा घडा कुणी केलाच, तर तो काचेच्या पेटीत जाईल.

घडे काचेच्या पेटीत जाऊ लागले, हे वाईट झालं असं मात्र म्हणवत नाही. मातीकडे जायचा रस्ता पूर्वी एकच होता, कुंभाराच्या पोटी जन्माला येण्याचा. बाहेर जायचा रस्ता जवळजवळ नव्हताच. आता मातीत हात घालणारे कुठून कुठून येतात. कुणी जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेलं, कुणी पुण्यातली संगणकाची नोकरी सोडून आलेलं, कुणी शनिवार-रविवारच्या वर्गाला म्हणून गेलेलं आणि तिथेच रमलेलं. कुणी जेवणाची ताटं करतं, तर कुणी कशाच्याही उपयोगी न पडणारं, पण ज्यावरून नजर हलत नाही असं काहीतरी घडवतं. भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी ग्रामोदय संघ उभारून गावच्या कुंभारालाच नवं तंत्र दिलं. ब्रह्मदेव राम पंडित बिहारच्या कुंभार घरातले. भाईंदरला त्यांनी स्टुडिओ थाटला आणि 2013 साली पद्मश्री मिळवली. 2018 साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात देशातलं पहिलं सिरॅमिक्स ट्रायनाले, म्हणजे मातीकामाचं त्रैवार्षिक प्रदर्शन भरलं, त्याच्या आयोजनात स्त्रिया पुढे होत्या. आमच्या लहानपणी बाईनं माती तुडवायची, मडकी डोक्यावर घेऊन गावोगाव विकायची, पण चाकाला हात लावायचा नाही, अशीच बहुतेक ठिकाणी रीत होती.

आणि आम्ही त्या कुंभाराला वागवायचो कसं? संक्रांतीची सुगडं त्याच्याकडून, पोळ्याचे मातीचे बैल त्याच्याकडून, नवरात्राचे घट त्याच्याकडून, अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं भरायची घागर त्याच्याकडून. सण आमचे, तारीख आमची, राबायचं त्यानं. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावर उभं राहून मिळेल ते धान्य, तेही पीक आलं तर. आणि पाथर्डी-जामखेडकडे ते किती वर्षांनी नीट येतं, हे नगरकराला सांगायला नको. पिकल्या केसांच्या कुंभाराला आमच्या घरातली शाळकरी पोरं ‘अरे’ म्हणायची आणि कुणी त्यांना टोकायचं नाही. त्याची मुलं चाक सोडून कारखान्यात, बँकेत, शाळेत गेली, तेव्हा ‘कला बुडाली’ म्हणून हळहळलो ते आम्ही. त्यांच्या घरात त्या दिवशी बहुधा पेढे वाटले असतील.

आता स्टुडिओतल्या कलाकाराला आम्ही ‘सर’, ‘मॅडम’ म्हणतो. प्रदर्शनात किंमत वाचून मान डोलावतो आणि मातीशी नातं वगैरे बोलतो. त्या मॅडमना आमच्या घरी संक्रांत कधी आहे, हे ठाऊक असायचं कारण नाही. ते बरंच आहे, कारण त्या कुणाच्या बलुतेदार नाहीत. तरीही कुणीतरी आपलं पंचांग आपल्याइतकंच पाठ करून ठेवलेलं असायचं, हे आठवलं की चुटपुट लागते. ती चुटपुट मडक्यासाठी आहे की फुकटात मिळालेल्या हक्कासाठी, हे आम्हालाही नीट सांगता येत नाही.

बिनसहीचं मडकं तसं आजचं नाही. आपल्या याच जिल्ह्यानं मातीचा एक मोठा वारसा जगाला दाखवला. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी 1950-51 साली उत्खनन झालं. तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, चाकावर केलेली आणि चांगली भाजलेली तिथली भांडी बोट मारलं की धातूसारखी वाजतात. साधारण इसवी सनापूर्वी 1400 ते 700 या काळातली, ती भांडी घडवणारी संस्कृती आज गावाच्या नावानं, जोर्वे म्हणूनच ओळखली जाते. नेवासे आणि दायमाबादलाही अशी भांडी निघाली. दोन रांजणांची तोंडं जुळवून त्यांत ठेवलेली आणि घराच्याच जमिनीखाली पुरलेली लहान मुलंही निघाली. ती भांडी घडवणाऱ्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

माणसाच्या शेवटाला अजून मडकं लागतं. खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं घेऊन चितेभोवती फिरायचं, त्याला भोक पाडायचं आणि शेवटी ते मागे टाकून फोडायचं. हे मडकं कुणी स्टुडिओतून मागवत नाही, त्याच्या तळाला सही शोधत नाही. ते अजूनही कुठल्या तरी कुंभारानंच केलेलं असतं, आणि त्याचं नाव विचारायची तेव्हा कुणाला शुद्ध नसते.

म्हणून जिवंतपणीच विचारावं. स्टुडिओतली भांडी जरूर घ्या, त्या सहीचे पैसे मोजण्यात गैर काही नाही. पण येत्या संक्रांतीला रस्त्याकडेला सुगडं घेताना ती कुणी केली, कुठल्या गावात केली, हेही विचारा. करणारा समोरच बसला असेल, तर त्याला नाव विचारा आणि हाक मारताना ‘अहो’ म्हणा.