एकसर आणि समांतर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण विचाराल तर गेले तीन महिने माझा सगळा रिकामा वेळ एका खोक्यापायी गेला. खोकं म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. आणि तो कुठे लावायचा होता? तर पाथरीला, आमच्या घरी. हसू नका. पाथरी म्हटलं की लोक पटकन साईबाबांच्या जन्मस्थानाचं विचारतात, नाहीतर उन्हाचं. होम थिएटरचं कुणी विचारत नाही.

झालं असं की दिवाळीत गेलो तेव्हा माळवदाची जुनी खोली पाडून तिथे स्लॅब टाकायचं चाललं होतं. सामान हलवताना अण्णांचे ते दोन स्पीकर ओसरीत आले. दादा म्हणाला, "भंगारवाल्याला देऊन टाकू. मी साउंडबार आणतो, अण्णांना टीव्हीचं ऐकू येईल." बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. अण्णांना गेल्या चार-पाच वर्षांत ऐकू येणं फार कमी झालंय. टीव्हीचा आवाज पार शेवटपर्यंत नेला तरी म्हणतात, "आवाज येतो, शब्द येत नाहीत." मग ते टीव्हीसमोर नुसते बसतात. कानाचं यंत्र नको म्हणतात. घरातलं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जातं आणि ते मान हलवून वेळ मारून नेतात.

पण ते स्पीकर भंगारात? माझ्या तोंडून पटकन गेलं, "मी बघतो त्यांचं काय करायचं ते." आणि गळ्यात पडलं.

आता त्या स्पीकरबद्दल. अण्णा शाळेत विज्ञान शिकवायचे. १९८६ साली कुठल्याशा कामाने मुंबईला गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून चार वूफर, दोन ट्विटर गाठोड्यात बांधून घेऊन आले. आईला वाटलं साड्या आहेत. (हा विषय आमच्याकडे अजून संपलेला नाही.) गल्लीतल्या सुताराकडून सागवानाचे दोन बॉक्स करून घेतले, प्रत्येकात आठ इंची दोन वूफर आणि एक ट्विटर. अॅम्प्लिफायरही घरीच जोडलेला, टू-एन-३०५५ या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर. त्या काळात घरगुती अॅम्प्लिफायर म्हटलं की तेच ट्रान्झिस्टर. पुढे जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. दर रविवारी सकाळी आमच्या खोलीत, ओसरीत, अंगणात माणसं. टीव्ही पुढच्या दहा जणांना दिसायचा, पण आवाज अंगणातल्या शेवटच्या म्हातारीपर्यंत पोचायचा तो या बॉक्समुळे. मी तेव्हा चौथीत होतो आणि माझा भाव वर्गात वधारला होता.

तो अॅम्प्लिफायर केव्हाच जळाला. बॉक्स राहिले. मी पुण्याला येताना एक बॉक्स गाडीत घालून आणला आणि शोध सुरू केला.

पहिली चूक सगळेच करतात तीच केली. वॅट बघत बसलो. हा ८० वॅटचा, तो १४०चा, मग १४०चाच चांगला! एका जाणत्या मित्राने जमिनीवर आणलं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. शिवाय डब्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा एकच चॅनेल चालवून आणि एकाच सुरावर मोजलेला असतो. बारा बाय चौदाच्या खोलीत घरगुती आवाजाला एक-दोन वॅटही पुरतात. तेव्हा वॅट सोडा, ओहम बघा, असं तो म्हणाला.

आता ओहम कुठे बघणार? विकतच्या स्पीकरवर पाठीमागे पट्टी असते. आमच्या बॉक्सच्या पाठीमागे फक्त सुताराने पेन्सिलने लिहिलेली मापं. शेवटी मल्टिमीटर लावला. ३.३ आला. मीटरवरचा आकडा हा नुसत्या तारेचा विरोध असतो, स्पीकरचा ठरीव आकडा त्याहून थोडा जास्त धरतात. म्हणजे आमचा बॉक्स ४ ओहमचा. आणि माझ्या बजेटातले रिसीव्हर? पाठीमागे स्वच्छ छापलेलं: ६ ते १६ ओहम.

ज्यांना यात रस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओहम कमी म्हणजे विरोध कमी, म्हणजे रिसीव्हरला जास्त करंट ओढावा लागतो. ८च्या जागी ४ लावले की त्याच आवाजाला दुप्पट करंट. रिसीव्हर तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद पडतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे माणूसच तापून बंद पडतो, तिथे यंत्राची काय कथा! काही रिसीव्हरवर ४ ओहमची सोय असते, पण ती बहुधा आतली ताकदच कमी करते. ४ ओहम खरोखर पेलणारे मोठे रिसीव्हर माझ्या बजेटच्या दुपटीत होते. तिसरा मार्ग जुना, वजनदार सेकंडहँड घ्यायचा. तो पाहिलाही, पण चाळीस वर्षांच्या बॉक्सला वीस वर्षांचा रिसीव्हर, आणि पाथरीत तो दुरुस्त कोण करणार?

दादाचा फोन आला. "काय झालं? साउंडबार आणू का?" मी म्हणालो, "आण." खरं सांगतो, मी हरलो होतो.

संक्रांतीला तो बॉक्स परत पोचवायला गेलो. अण्णा ओसरीत बसले होते. बॉक्स बघून त्यांनी हातानेच विचारलं, काय झालं? मी ओरडून सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. मग वहीच्या कागदावर लिहिलं: "३.३ ओहम. रिसीव्हरला ६ पाहिजेत."

अण्णांनी चष्मा लावला. कागद वाचला. माझ्याकडे असं बघितलं, जसं गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं.

"दोन्ही वूफर आठ-आठचे आहेत. मी समांतर जोडलेत. त्या वेळी मला आवाज मोठा पाहिजे होता. एकसर जोड की! सोळा होतील."

आणि पेन्सिल घेऊन त्याच कागदावर आकृती काढली. हात थरथरत होता, पण रेघा बरोबर होत्या. तीन महिने मी पुण्यातल्या चार दुकानांत, दोन मित्रांत हे कोडं घेऊन फिरलो. ज्या माणसाने ते बॉक्स बांधले त्याला विचारावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. दादाच्याही नाही. ओरडावं लागतं म्हणून आम्ही त्यांना काही विचारणंच बंद केलं होतं. नुसतं ठरवायचो आणि सांगायचो.

दादाला तिथूनच फोन केला, साउंडबार थांबव. पुढच्या खेपेला परवडणारा, ६ ओहमवाला रिसीव्हर मांडीवर घेऊन बसने आलो, पुणे-नगर-माजलगाव-पाथरी. सोबत स्टॅबिलायझर, कारण आमच्याकडचं व्होल्टेज तुम्हाला माहीत आहे. बॉक्स उघडले. कोनच्या कडेला फोम असता तर एव्हाना त्याचा भुगा झाला असता. इथे कापडाची घडी होती, म्हणून वूफर शाबूत. ट्विटरसमोरचे कपॅसिटर मात्र बदलले, ४.७ मायक्रोफॅरडचे. डाग मी दिले, अण्णांनी टॉर्च धरला आणि चुका काढल्या.

आता एक गंमत, जी मला आधी लक्षात आली नव्हती. एकसर जोडल्यावर प्रत्येक वूफरला निम्माच व्होल्टेज मिळतो, त्यामुळे त्यांचा आवाज ६ डेसिबलने उतरतो. ट्विटर मात्र वेगळ्या वाटेने जोडलेला, तो होता तसाच. म्हणजे एकूण आवाज वाढवला की वरचे सूर पूर्वीपेक्षा ठळक. मला तो आवाज पातळ वाटला. आई तर म्हणाली, "कानाला टोचायलंय." बरोबर आहे, बॉक्स बिघडवलाच म्हणायचा.

पण म्हातारपणी कान आधी वरचे सूर गमावतो. स, श, फ, थ ही व्यंजनं बरीचशी त्या वरच्या सुरांत असतात. ती गेली की स्वर ऐकू येतात आणि शब्द हरवतो. "आवाज येतो, शब्द येत नाहीत" म्हणजे नेमकं हेच.

संध्याकाळी बातम्या लावल्या. रिसीव्हरला सांगितलं की मधला स्पीकर नाही, मागचे नाहीत, सगळं या दोघांतच दे. अण्णांची खुर्ची दोन बॉक्सच्या बरोबर मधे ठेवली. ट्रेबल अजून थोडा वर नेला. पाचेक मिनिटं ते नेहमीसारखे नुसते बसले होते. मग निवेदिका काहीतरी बोलली आणि अण्णा एकदम चिडले.

"सासन काय सासन! शासन म्हण!"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दादाने माझ्याकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही. अण्णा पुढची दहा मिनिटं त्या बिचारीचे उच्चार तपासत होते.

चमत्कार वगैरे काही झालेला नाही. सगळे शब्द येत नाहीत, सिनेमातलं भराभर बोलणं अजूनही निसटतं. आणि माणसांच्या बोलण्याला काही ट्रेबलचं बटण नसतं. कानाचं यंत्र लागणारच आहे. परभणीला डॉक्टरांना दाखवू म्हटलं तर परवा पहिल्यांदाच "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे निम्मा होकार.

जाता जाता, कुणाकडे जुने स्पीकर असतील तर रिसीव्हर घेण्याआधी मल्टिमीटर लावा, आणि रिसीव्हरच्या पाठीमागचा ओहमचा आकडा वाचा. आणि बॉक्स बांधणारा माणूस घरात असेल तर कागद-पेन्सिल घेऊन आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.

दादा, हे वाचशील तेव्हा त्या स्लॅबच्या खोलीत बॉक्सच्या मागे एक प्लग पॉइंट जास्त काढायला सांग. अण्णांनी सांगितलंय.