कोरड्या गावातली होडी

मराठीच्या प्राध्यापकाच्या हाती कानस आणि खरकागद पाहिला की माणसे जरा चपापतात. त्यातून तो हिंगोलीत बसून होडी बनवतो आहे असे कळले, की त्यांना त्याची काळजीच वाटू लागते. "सर, उन्हाळ्यात कयाधूला पाणी नसतं हो!" असे शेजारच्या काकांनी मला अगदी कळवळून सांगितले होते.

त्यांचे खरे होते. समुद्राशी माझा परिचय पुस्तकी. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते मी वाचली, पण खाऱ्या पाण्याने माझे धोतर सोडाच, पाटलोणही कधी भिजली नाही. तरी वेड लागले ते लागलेच. न्यूयॉर्कला १८९८ साली निकोला टेस्लाने पाण्यावरची छोटी होडी तारेवाचून, रेडिओच्या लहरींनी चालवून दाखवली होती, हे कुठेतरी वाचले आणि वाटले, आपणही करून पाहावे.

पण होडीला विद्वत्ता कळत नाही. तिला हिशेब कळतो. लांबी ८० सेंटिमीटर, रुंदी २०, पाण्यात बुडणारा भाग ५. गुणाकार ८,००० घन सेंटिमीटर. पण दोन्ही टोके निमुळती, म्हणून त्यातले साठ टक्के धरायचे : ४,८००. तेवढे पाणी बाजूला सरते, म्हणून होडीचे सगळ्या सामानासकट वजन ४.८ किलो हवे. पहिल्या होडीत मी बॅटरी धरलीच नव्हती. अंगणातल्या हौदात ती काठोकाठ बुडाली. दुसरीत बॅटरी वर बसवली, ती कलंडली. आमची ही धुणे वाळत घालता घालता म्हणाली, "डोक्यावर हंडा घेऊन कुणी पोहतं का? खाली ठेवा ती." बॅटरी तळाशी गेली आणि होडी सरळ उभी राहिली. मी एम. ए.; ही तसली काही नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आणि धाकटा पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या जलाशयावर गेलो. सुकाणू त्याने स्वतः घासून केले होते. होडी झकास निघाली, वळली, आणि काठापासून लांब जाऊन एकाएकी थांबली. पंख्यात पाणवेली अडकल्या असाव्यात. मी कळ पुढे-मागे केली, उपयोग शून्य. वळून पाहतो तो पोरगा चपला काढून गुडघाभर पाण्यात!

मला पोहता येत नव्हते. त्यालाही नाही.

"मागे फिर! जाऊ दे ती होडी!" मी इतक्या जोराने ओरडलो, की वर्गातला माझा आवाज मलाच ओळखू येईना. तो थांबला. हातातले यंत्र निकामी झाले होते. हाक तेवढी पोचली.

तो माझ्याशी बोलेना. आम्ही दोघे काठावर बसून राहिलो. संध्याकाळी वारा फिरला आणि होडी तिरकी तिरकी होत आपण होऊन काठाला लागली. पंख्याला वेलीचा गच्च वेटोळा होता. तो सोडवता सोडवता पोरगा हळूच म्हणाला, "बाबा, मी गेलो असतो तर?"

मी उत्तर दिले नाही.

यंदाची होडी तयार आहे. पंख्यापुढे जाळीची पट्टी आहे आणि पिशवीत लांब दोरीला बांधलेला टेनिसचा चेंडू. होडी अडकली तर तिच्यापलीकडे फेकून तिला ओढून आणायला. आणखी एक तयारी चालू आहे. ऐन पंचेचाळिशीत मी मुलाबरोबर पोहायला शिकतो आहे. तो माझ्या पुढे गेला आहे. मी अजून काठ धरून आहे.