नवशिक्याचा हात

वय चाळिशीपलीकडे गेले की मनुष्यास नवशिका म्हणवून घेण्याचा संकोच वाटू लागतो. ‘आता कुठे हात बसायचा?’ हे उद्गार मेहकरात आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकतो. त्यांत तथ्य किती, हे स्वतःच्याच हातावर पाहावे म्हणून गेली तीन वर्षे आम्ही फावल्या वेळी एक लहानसा उद्योग चालविला आहे. तो म्हणजे मातीचे मावळे रंगविण्याचा.

पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत दिवाळीला मुले अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात व त्यावर शिवाजी महाराज आणि मावळे मांडतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. असे बिनरंगाचे काही मावळे एका स्नेह्याने आम्हांस पुण्याहून आणून दिले. परदेशांत तर थोर माणसेही असे चिमुकले सैनिक रंगवून टेबलावर लढाईचा खेळ मांडतात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचे पुस्तकच लिहिले. आजच्या खेळांतील पुष्कळसे सैनिक अवघे २८ मिलिमीटरांच्या आसपास असतात.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. कुंचला मात्र हाती आला नव्हता. तो हाती आल्यावर कळले, की येथे प्रतिभेपेक्षा क्रम अधिक उपयोगी पडतो. प्रथम मूर्तीवरची धूळ पुसून अस्तराचा एक पातळ हात द्यावा. नाहीतर कोरडी माती रंग पिऊन टाकते. मूर्ती बाटलीच्या बुचावर चिकटवून बूच धरावे, म्हणजे ओल्या रंगास बोट लागत नाही. दोन्ही कोपरे टेबलावर टेकावीत, हात कापत नाही. रंग पाण्याने पातळ करून दोन वेळा द्यावा. एकदाच जाड थापला तर नाक, मिशा, अंगरख्याच्या चुण्या सारे बुजून जाते. आधी चेहरा, मग अंगरखा, मग शेला आणि शेवटी ढाल-तलवार, असे आतून बाहेर यावे. डोळ्यांसाठी कुंचला फार बारीक नसला तरी चालतो. त्याचे टोक मात्र अणकुचीदार हवे.

सर्वांत मोठा धडा मिळाला तो आमच्याच जिल्ह्याच्या बिदरी कामातून. जस्त व तांब्याच्या भांड्यात चांदी बसविल्यावर कारागीर किल्ल्यातील माती व नवसागर यांचे मिश्रण लावून ते काळे करतात. धातू काळवंडतो, चांदी तशीच राहते आणि त्या काळेपणामुळेच उठून दिसते. मावळ्याचेही तसेच. गडद रंगाचे पातळ पाणी फिरविले की ते आपोआप चुण्यांत उतरते. मग जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. सपाट दिसणारी मूर्ती जिवंत वाटू लागते.

आमच्या फळीवर पहिल्यापासूनचे सर्व मावळे ओळीने उभे आहेत. प्रत्येकाच्या तळाशी तारीख घातली आहे. कडबा कापण्याच्या यंत्रात उजव्या हाताची बोटे गमावलेले एक शेतकरी एकदा त्या ओळीपुढे बराच वेळ उभे राहिले. “फादर, हा पहिला आन् हा शेवटचा, एकाच हाताचे?” त्यांनी विचारले. आम्ही होय म्हटले. दुसऱ्या दिवशी ते येऊन बसले आणि डाव्या हाताने कुंचला धरला. पहिल्या मावळ्यास त्यांना चार संध्याकाळी लागल्या. त्याचे पागोटे कपाळावर ओघळले आहे, आणि तोही आमच्या फळीवर मानाने उभा आहे. आज त्यांचे सहा मावळे झाले. अपघातापासून दुधाच्या वहीत ते अंगठा उमटवीत. गेल्या महिन्यात त्यांनी तेथे डाव्या हाताने सही केली.

म्हणून वाचकहो, शिवण, लेखन, पेटी, रंगकाम, जे काही उशिरा शिकावयास घ्याल, त्यातील पहिली वस्तू टाकून देऊ नका. ती पुरी करा, तीवर तारीख घाला आणि दुसरी हाती घ्या. कालच्या कामाशेजारी आजचे काम ठेवून पाहिले, म्हणजे हात बसतो की नाही हे दुसऱ्यास विचारावे लागत नाही.