तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ काढायला कोकणात घड्याळाआधी तिथी विचारतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे गणित मला हेदवीत एका आजींनी शिकवलं. अंगणात आमसुलं वाळत घालता घालता त्यांनी विचारलं, "बामणघळ बघायला आलात? आज अष्टमी. संध्याकाळी सहाला या. आत्ता काही दिसायचं नाही."

आम्ही तरीही गेलो. भर दुपार, पूर्ण ओहोटी. काळ्या कातळाला उभी चिरत गेलेली ती अरुंद घळ कोरडी पडली होती. तळाशी थोडं पाणी आणि शिंपल्यांचा खच. भरतीला लाट याच चिरेत शिरते, पुढे वाट नाही म्हणून उसळून वर येते. मला ते बघायचं होतं. पण सहापर्यंत थांबायचं तर परतीची एसटी चुकणार, म्हणजे आणखी एका रात्रीचं भाडं. लग्नाला आठ महिने झाले होते. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. सहलीचा सगळा खर्च त्याचा होता. मी काही बोलले नाही. एसटीच्या खिडकीतून समुद्र दिसेनासा होईपर्यंत मागे बघत राहिले.

वर्षभराने, मेथी निवडताना, ती गोष्ट माझ्या तोंडून निघाली. त्याचा हात थांबला.

"बोलली का नाहीस? आपलेच पैसे होते ना?"

"आपले होते. पण हात तुझ्या खिशात जात होता."

त्याला ते लागलं. बराच वेळ तो एकेक पान खुडत राहिला. मग उठून त्याने फडताळातला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पुसून माझ्यासमोर ठेवला.

त्या रात्री ठरलेली रीत आजही चालू आहे. त्याचा पगार तीस हजार, माझा वीस. म्हणून डब्यात तीनास दोन या प्रमाणात भर. महिन्याला त्याचे पंधराशे, माझे हजार. दहा महिन्यांत पंचवीस हजार जमतात. निघायच्या आदल्या रात्री ते जमिनीवर मांडायचे: प्रवासाचे वेगळे, राहण्याजेवणाचे वेगळे, अडीअडचणीचे वेगळे. आणि त्याआधी दोन पाकिटं भरायची, मर्जीची. प्रत्येकात दोन हजार, दोघांना अगदी सारखे. त्यातला रुपया कुठे गेला हे विचारायचं नाही. डब्यातला वाटा मिळकतीप्रमाणे, पण मर्जी सारखी. संसारात पैसे सारखे घालता येतातच असं नाही. हवंसं वाटणं मात्र सारखंच ठेवायला हवं, नाहीतर ज्याचा वाटा कमी तो गप्प बसायला शिकतो.

ही गोष्ट फक्त बाईची नाही, हे पुढे कळलं. त्याची नोकरी गेली आणि सहा महिने डब्यात एकटी मी पैसे टाकत होते. त्या वर्षी लांब कुठे जायचं नव्हतं. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना १९८८ पासून आहे. आम्ही चार दिवसांचे पास काढले. आदल्या रात्री मी दोन पाकिटं भरली. त्याने आपलं हळूच माझ्याकडे सरकवलं.

"यंदा राहू दे."

त्या आवाजात मला हेदवीची दुपार ऐकू आली. मी पाकीट त्याच्या सदर्‍याच्या खिशात घातलं. दुसर्‍या दिवशी सातार्‍याच्या स्टँडवर तो दहा मिनिटं दिसेना. आला तेव्हा हातात पाव किलो कंदी पेढे होते, आईसाठी. त्याने मला विचारलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मग पुन्हा हेदवी. या खेपेला पंचांग बघून भाद्रपदातली पौर्णिमा धरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती आटोपून माणसं मुंबईकडे परतत होती आणि आम्ही रिकाम्या गाडीने चिपळूणला उतरत होतो. गर्दी सरली होती, खोलीही स्वस्तात मिळाली. गुहागरहून हेदवीला जाताना कंडक्टरने यंत्रातून दोन तिकिटं काढून दिली, एक पूर्ण आणि एक अर्धं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं. दोन्ही तिकिटं मी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. रक्कम वेगळी, पण दोन्हींवर हेदवीच. अर्धं तिकीट काढलं म्हणून मला कुणी अर्ध्या वाटेत उतरवणार नव्हतं.

अंगणात आजी नव्हत्या, पण त्यांचं गणित चुकलं नाही. अकराच्या पुढे कातळाच्या पोटात आधी घरघर सुरू झाली. मग एक लाट घळीत शिरली, आत कोंडली आणि पांढरीशुभ्र होऊन आमच्या डोक्यावर गेली. चष्म्यावर, ओठांवर खारं पाणी. तिच्यामागे दुसरी. तिसरी. त्याने घड्याळ बघितलं.

"मला अजून थांबायचंय," मी म्हणाले.

त्याने खिशातून आपलं मर्जीचं पाकीट काढलं. मी माझं काढलं. रात्रीच्या खोलीचे निम्मे निम्मे मोजून बाजूला ठेवले आणि ओहोटी लागेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो.